राक्षसाच्या तोंडची कथा

भयकथा वाचून भय वाटलें नाहीं, ही वाचकाची तक्रार वरवर पाहतां क्षुल्लक दिसते. परंतु कथा सांगणारा प्रत्यक्ष राक्षसच असला, म्हणजे या तक्रारीच्या पोटीं एक नैतिक प्रश्न दडलेला असतो: दुष्टतेला वाचा फुटली, एवढ्यानें ती आपणांस कळते काय?

क्लाइव्ह बार्कर या इंग्रज लेखकाची ‘मिस्टर बी. गॉन’ ही कादंबरी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत जॅकबॉक बॉच नांवाचा सैतानाच्या कुळांतला एक जीव पुस्तकाच्या अक्षरांतच कोंडला गेला आहे. बापानें केलेल्या छळापासून गुटेनबर्गच्या छापखान्यापर्यंतची आपली हकीकत तो सांगतो, आणि मधून मधून वाचकास कधीं विनवून, कधीं धमकावून म्हणतो, कीं हें पुस्तक जाळून टाक. कल्पना मोठी नामी. पण तीच धमकी पुनः पुनः ऐकून बोथट होते. वाचकानें काडी ओढावी, यापलीकडे या राक्षसाला त्याजकडून कांहींच नको असतें. त्याच्या विवेकाला तो हात घालीत नाहीं.

याच्या शेजारीं आपला वेताळ उभा करून पाहावा. सोमदेवाच्या अकराव्या शतकांतील ‘कथासरित्सागरां’त आलेली ही कथामाला सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८३० सालीं मराठींत आणली. वेताळ प्रेतांत शिरून राजाच्या खांद्यावर बसतो आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटीं एक प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर मस्तकाचीं शकलें व्हावयाचीं. बोलला, तर वेताळ पुनः झाडावर! सारें भय त्या न्याय करण्याच्या क्षणांत सांठलें आहे. अखेरच्या प्रश्नाचें उत्तर राजाला खरोखरच येत नाहीं. तो मौन धरतो, आणि प्रसन्न झालेला वेताळच त्याला सावध करतो, कीं ज्यानें तुला येथें धाडलें तो साधुवेषधारीच तुझा घात करणार आहे.

आम्हां खानदेशकरांना तर याहून जवळचें उदाहरण आहे. सातपुड्यांतील अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळींत अश्वत्थाम्याची यात्रा भरते. झोंपलेल्यांची कत्तल करणारा हा योद्धा मस्तकावरची वाहती जखम घेऊन रानांत भटकतो, आणि भेटेल त्यापाशीं तीवर घालावयास तेल मागतो, अशी लोकश्रद्धा आहे. तो कोणाला धमकावीत नाहीं. तरीहि ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो; कारण असल्या पातक्याला तेल द्यावें कीं नाहीं, हें ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें.

मनोरंजनाच्या पुस्तकावर नीतीचें ओझें कशाला, असें कोणी म्हणेल. पण भय हें लेखकाला बाहेरून आणून देतां येत नाहीं. तें वाचकाच्याच मनाच्या विहिरींतून शेंदून काढावें लागतें. म्हणून निराश वाचकाची तक्रार मला रास्त वाटते. अधिक रक्तपाताची त्याला हांव नव्हती. त्या राक्षसानें एकदां तरी त्याला अडवून विचारावयास हवें होतें, “माझ्या जागीं तूं असतास तर?”