खालच्या घाटावरचा शेजारी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लागलेले असते, आणि डोक्यावर पहिला तांब्या ओतताना घरातले वडीलधारे माणूस सात नद्यांची नावे घेते. त्या सातांत सिंधूही आहे. तिबेटात उगम पावून, लडाखमधून वाहत ती पाकिस्तानात जाते आणि तिकडेच समुद्राला मिळते. पण तिचे नाव घ्यायला कुणाचा परवाना लागतो, असे आपल्या आज्यांना कधी वाटले नाही. नदीला हद्द नसते, हे त्या शाळेत न जाता जाणत होत्या. आपण शाळेत गेलो आणि हद्दी आखू लागलो!

एकदा मी फळ्यावर कृष्णेचा नकाशा काढला होता. महाबळेश्वरला उगम, नरसोबाच्या वाडीला पंचगंगेचा संगम, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. एका मुलीने विचारले, "गुरुजी, पंचगंगेत आपण घाण सोडायची आणि ती कर्नाटकातल्या मुलांनी प्यायची का?" तास भूगोलाचा होता, प्रश्न नीतीचा होता.

आपला शेजारधर्म भिंतीला भिंत लागलेल्या घरापुरता असतो. फराळाचे ताट पोचते, तिथवर आपला शेजार. नदीकाठचा खालचा शेजारी आपल्याला दिसत नाही. त्याला आपण फराळ पाठवत नाही, पण सांडपाणी मात्र रोज, न चुकता पाठवतो. कृष्णेच्या पाण्याच्या वाटणीसाठी १९६९ साली एक लवाद बसला, २००४ साली दुसरा. कुणाला किती पाणी, याचा हिशेब आपण बारकाईने केला. ते कसे असावे, याची काळजी मात्र त्या मानाने फार थोडी केली.

कुणी म्हणेल, "गुरुजी, कारखाने बंद पडले तर लोकांनी खायचे काय?" प्रश्न खरा आहे. पण २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा आजारी पडली ती कष्टाने पोट भरणारी माणसेच. इचलकरंजी कर्नाटकाच्या वर आहे, तशीच कोल्हापूरच्या खाली आहे. आपण प्रत्येकजण कुणाच्या तरी वरच्या घाटावर आणि कुणाच्या तरी खालच्या घाटावर उभे असतो. ही गोष्ट कळली की परोपकार आणि स्वार्थ यांतले भांडणच मिटते.

युरोपात हे घडले आहे. १९५० साली, महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झालेली असताना, स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स हे देश ऱ्हाईन नदीसाठी एकत्र बसले. काम मंदच चालले. मग १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझलजवळ रसायनांच्या गुदामाला आग लागली. ती विझवलेल्या पाण्याबरोबर विष नदीत उतरले आणि मासे मरून तरंगू लागले. पुढच्याच वर्षी या देशांनी ठरवले की, २००० सालापर्यंत नदीतून नाहीसा झालेला सामन मासा परत आणायचा. आणि तो परतला! कालचे शत्रू एका माशासाठी एक होऊ शकतात. मग एकाच देशातली दोन राज्ये का होऊ नयेत?

आपल्या संसदेने १९५६ सालीच नदी मंडळांचा कायदा केला. तो कागदावरच राहिला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आमदार-खासदारांना माझे सांगणे एवढेच आहे : कृष्णेसाठी एकत्र बसा. हद्दीवरचे पाणी दोघांनी मिळून तपासा. त्याचे आकडे मराठीत आणि कन्नडमध्ये गावोगावच्या चावडीवर लावा. नदीकाठच्या शहरांना सांडपाणी शुद्ध करण्यासाठी पैसा द्या, आणि तो कुठे गेला हेही विचारा.

खालच्या घाटावरचा माणूस तुमचा मतदार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर ही नीतीची परीक्षा आहे. जो आपल्याला मत देऊ शकत नाही, त्याच्यासाठी केलेला कायदा हाच खरा कायदा.