मोल्दोवाचा मिस्ड कॉल

रोमेनियन भाषेत ‘बीप देणं’ असा एक शब्दप्रयोग आहे. फोन लावायचा, पलीकडे एकदोनदा वाजू द्यायचा आणि उचलला जायच्या आत तोडायचा. म्हणजे आपला मिस्ड कॉल. मोबाइलवर बोलणं महाग होतं त्या दिवसांत, पैसा न मोडता ‘मी आहे, तुझी आठवण येतेय’ एवढं कळवण्याची ही सोय बुखारेस्टमध्येही होती आणि बुलढाण्यातही. २००३ साली ओ-झोन या मोल्दोवातल्या गटाने ‘द्रागोस्तेआ दिन तेई’ हे गाणं काढलं. त्यातला प्रियकर प्रेयसीला हेच सांगतो, की मी तुला बीप दिला होता. पुढे तो कळवळून म्हणतो, तुला निघून जायचंय आणि मला काही बरोबर नेत नाहीस.

हा अर्थ मला गाणं तोंडात बसल्यावर कित्येक वर्षांनी कळला. जगातल्या असंख्य ऐकणाऱ्यांना तो कधीच कळला नाही. इंटरनेटमुळे लहान देशांचं संगीत जगभर पोचलं असं आपण सहज म्हणून जातो. नेमकं काय पोचलं आणि काय वाटेत गळलं, हे तपासायला मला या गाण्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही.

मोल्दोवा हा रोमेनिया आणि युक्रेन यांच्यामध्ये चेपलेला देश, क्षेत्रफळ ३४ हजार चौरस किलोमीटरांच्या आतलं. २००४ च्या जनगणनेत, सरकारचा ताबा नसलेला ट्रान्सनिस्ट्रिया वगळून, तिथे सुमारे ३४ लाख माणसं होती. एकट्या पुणे शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ३१ लाख भरली होती. सोव्हिएत राजवटीने इथल्या रोमेनियन भाषेला ‘मोल्दोवन’ असं वेगळं नाव दिलं आणि तिच्यावर सिरिलिक लिपी लादली. ३१ ऑगस्ट १९८९ ला कायदा होऊन लॅटिन लिपी परत आली, तेव्हा ओ-झोनचा दान बालान दहा वर्षांचा होता. १९९१ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात भाषेचं नाव रोमेनियन, १९९४ च्या राज्यघटनेत पुन्हा मोल्दोवन. कायद्यातून ते दुसरं नाव जायला २०२३ साल उजाडलं. ज्या भाषेच्या नावावर तिच्या घरातच एकमत नव्हतं, तिच्यातलं गाणं २००४ साली जर्मनीत १४ आठवडे आणि फ्रान्समध्ये १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

ते तिथवर गेलं कसं? त्या पहिल्या प्रवासात इंटरनेटचा हात फारसा नव्हता. मोल्दोवाच्या राजधानीत, किशिनाऊमध्ये, गाण्यावर पोट भरण्याएवढी बाजारपेठ नव्हती, म्हणून दान बालान, रादू सर्बू आणि आर्सेनिए तोदिराश हे तिघे २००२ मध्ये बुखारेस्टला गेले. तिथून गाणं इटलीत पोचलं ते दुसऱ्याच गळ्यातून. हायदूची या नावाने गाणाऱ्या एका रोमेनियन गायिकेने ते स्वतः ध्वनिमुद्रित केलं आणि इटलीत आधी तिचंच गाजलं. रोमेनिया आणि मोल्दोवातून बांधकामावर, शेतात, घरकामाला गेलेली लाखो माणसं तोवर इटलीत होती. गाण्याने धरली ती त्यांचीच वाट. मग उन्हाळा आला, आणि रेडिओ, डान्स क्लब आणि सीडी यांनी उरलेला युरोप पादाक्रांत केला. ब्रिटनमध्येही ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

अमेरिकेतल्या रेडिओने मात्र या परक्या भाषेला दार उघडलं नाही. तिथे डिसेंबर २००४ मध्ये न्यू जर्सीतला एक तरुण आपल्या खोलीत वेबकॅमसमोर बसला. कानांवर हेडफोन, डोळ्यांवर चष्मा, शरीर जाडजूड. गाण्यातला एकही शब्द ठाऊक नसताना तो ओठ हलवत, हात उंचावत खुर्चीतल्या खुर्चीत नाचला आणि ते चित्रीकरण त्याने न्यूग्राउंड्स या संकेतस्थळावर टाकलं. यूट्यूब तेव्हा जन्मलंही नव्हतं. चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. काहींनी त्याच्या देहावरून टिंगल केली, ती मला आजही लागते, कारण इतका निर्मळ आनंद पडद्यावर क्वचितच दिसतो. या नाचाला नाव पडलं ‘नुमा नुमा’. रोमेनियनमध्ये ‘नु’ म्हणजे नाही, आणि पुढचा ‘मा’सारखा ऐकू येणारा स्वर म्हणजे मला. जगाने ज्याला मजेदार ठेका समजून डोक्यावर घेतलं, तो मागे ठेवल्या जाणाऱ्या माणसाचा अडखळता स्वर होता.

जपानमध्ये आणखी निराळं घडलं. तिथल्या श्रोत्यांना रोमेनियन अक्षरांत जपानी शब्द ऐकू येऊ लागले. कुणीतरी त्या ऐकीव शब्दांवर नाचणाऱ्या मांजरांचं ॲनिमेशन केलं आणि २००५ मध्ये गाणं तिथे तुफान चाललं. ओ-झोन त्या वर्षाच्या सुरुवातीलाच फुटलं होतं. एका रेकॉर्ड कंपनीने त्या मांजरावर व्यापारी हक्क सांगितला, तेव्हा इंटरनेटवरचे लोक खवळले. ते मांजर ज्या चित्रावरून उतरलं होतं ते त्यांचं सामाईक होतं, कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. कंपनीला माघार घ्यावी लागली.

या सगळ्यात मला दोन वेगळ्या वृत्ती दिसतात. व्यापाराने पुढे चाल ठेवली आणि शब्द बदलले. अमेरिकेत गाण्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. २००८ मध्ये टी.आय. आणि रिहाना यांच्या ‘लिव्ह युअर लाइफ’मध्ये त्या चालीवर इंग्रजी शब्द चढले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. २०२४ मध्ये डेव्हिड गेटा आणि वनरिपब्लिक यांनी तीच चाल पुन्हा इंग्रजीत वापरली. चालीचं मोल जगाला पटलं, पण ती ज्या जिभेवर जन्मली ती जीभ या प्रत्येक वेळी बाहेर ठेवली गेली. खुर्चीत नाचणाऱ्या त्या पोराने मात्र शब्दांना हात लावला नाही. कळत नव्हते तरी जसे होते तसे ओठांवर घेतले. लोकांनी त्याला भाषेची थट्टा म्हटलं तरी मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या वरातींत अर्थ न कळता पंजाबी गाण्यांवर माणसं जीव तोडून नाचतात, त्यात पंजाबीचा अपमान कुणी करत नाही. परक्या भाषेवरच्या प्रेमाची सुरुवात बहुधा नादापासूनच होते.

प्रश्न त्यानंतरचा आहे. नाद आवडला, की अर्थ विचारावासा का वाटत नाही? ज्या इंटरनेटने गाणं घरात आणलं, तेच दोन मिनिटांत सांगू शकतं की शीर्षकातलं ‘तेई’ म्हणजे लिंडेन नावाचं सुगंधी फुलांचं झाड, आणि रोमेनियन काव्यात मिहाई एमिनेस्कूपासून ते प्रेमाचं झाड आहे. गाण्यातला प्रियकर स्वतःला ‘हायदुक’ म्हणवतो, म्हणजे लोकगीतांतला बंडखोर, श्रीमंतांना लुटणारा रानवाटेचा वीर. असा वीर मिस्ड कॉल देतो! जुनं लोककाव्य आणि नव्या काळातली तंगी एका कडव्यात इतकी जवळ आलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. अमेरिकन श्रोत्याला हे समजावून सांगावं लागेल. मराठी वाचकाला ते ऐकताक्षणी कळतं, आणि म्हणूनच ते न विचारता सोडून देणं मला जास्त टोचतं.

पुढे मोल्दोवाला इंटरनेटने आणखी एकदा उचललं. २०१० च्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत त्यांचं इंग्रजी गाणं २२ वं आलं, पण त्यातला सॅक्सोफोनचा तुकडा इतका पसरला की तोच दहा-दहा तास वाजवणाऱ्या चित्रफिती निघाल्या. इथे तर शब्दच नव्हते. मला त्याहून मोठी वाटते ती २०२२ ची गोष्ट. झ्दोब शी झ्दूब हा जुना गट आणि आदवाहोव बंधू यांनी किशिनाऊ ते बुखारेस्ट या आगगाडीवर, बहुतांशी रोमेनियनमध्ये, गाणं केलं. युरोव्हिजनमध्ये एकूण गुणांत ते सातवं आलं. प्रेक्षकांच्या मतांत मात्र युक्रेनखालोखाल दुसरं. त्या गाडीची एक खासियत आहे. सोव्हिएत रूळ रुंद आणि रोमेनियातले अरुंद, त्यामुळे उंगेनी इथे सीमेवर डबे उचलून खालची चाकं बदलतात. एकेकाळी मिरजेला तीन गेजचे रूळ एकत्र येत, तेव्हा प्रवाशांना गाडी बदलावी लागे. इथे प्रवासी जागचा हलत नाही, चाकं बदलतात. त्या गाण्याचंही तसंच झालं. वाद्यांची, तालाची चाकं जगाच्या रुळांना बसतील अशी होती आणि आतली माणसं, त्यांची बोली, त्यांचं बोलावणं जागच्या जागी होतं.

आपल्याकडेही २०२४ मध्ये संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ मराठी न येणाऱ्या कितीतरी लोकांच्या रील्सवर वाजलं. मला आनंद झाला आणि तो खरा होता. पण गाणं किती वेळा पाहिलं गेलं यावरून भाषेची प्रकृती जोखायची नसते, हे मोल्दोवाकडे पाहून पटतं. ओ-झोन युरोपभर वाजत होतं त्या २००४ साली तिथे ३४ लाख माणसं मोजली गेली, २०२४ च्या जनगणनेत जेमतेम २४ लाख. वीस वर्षांत गाणं जगभर गेलं आणि माणसंही गेली, कामाच्या शोधात, मागे कुणालातरी ठेवून.

मे २०१७ मध्ये ओ-झोनचे तिघे बारा वर्षांनी एकत्र आले आणि बुखारेस्टनंतर किशिनाऊत गायले. तिथल्या गर्दीत बीप म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नसेल. मला नेत नाहीस, हे शब्द सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणताना एखाद्या विशीतल्या मुलीच्या डोळ्यांपुढे प्रियकर आलाच नसेल. इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करणारी, ती लहान असताना निघून गेलेली तिची आई आली असेल.