उष्टी पत्रावळ उचलतो तोच पुढारी

॥ जय गुरुदेव ॥ 🙏



बारावी झाली की आपली पोरं-पोरी गावाबाहेर पडतात. कोणी पांढुर्ण्याच्या कॉलेजात, कोणी छिंदवाड्याला, कोणी नागपूरला. निघताना शिदोरीसोबत एक वाक्य हमखास बांधून दिलं जातं, "बाबू, फक्त अभ्यास कर. पुढारपणाच्या भानगडीत पडू नको." पोरीला आणखी एक, "क्लास सुटला की सरळ रूमवर ये." आईबापाची ही काळजी खोटी नाही. पोटाला चिमटा काढून, संत्र्याच्या बहाराच्या भरवशावर फी भरलेली असते. तरीही या वाक्याचा आज थोडा विचार करू.

धर्मराजाने राजसूय यज्ञ मांडला तेव्हा सगळ्यांना कामं वाटली गेली. कोणी कोठार पाहिलं, कोणी दानधर्म सांभाळला. भगवान श्रीकृष्णांनी काय घेतलं? आलेल्यांचे पाय धुण्याचं काम. आपले कीर्तनकार तर सांगतात की देवाने उष्ट्या पत्रावळीही उचलल्या. आणि त्याच यज्ञात अग्रपूजेचा मान कोणाला मिळाला? त्याच श्रीकृष्णांना! मान मागितला नव्हता, काम मागितलं होतं. पुढारपणाची खूण हीच.

म्हणून पुढारपण दोन प्रकारचं असते हे ओळखा. एक झेंड्यासाठीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर काय होते ते आपल्याला सांगायला नको. पांढुर्णा आणि सावरगाव, दोन्हीकडची माणसं आपलीच, पाहुणेरावळे एकमेकांचे, झेंडाही शेवटी चंडीमातेचाच. पण डोकी फुटतात. कॉलेजातही असा दिवस येऊ शकतो. दुसरं पुढारपण सेवेचं. होस्टेलच्या पाण्याची टाकी साफ नाही, नव्या पोराला स्कॉलरशिपचा फॉर्म भरता येत नाही, पोरींच्या बसची वेळ जुळत नाही, अशा वेळी चार जणांना सोबत घेऊन साहेबांपुढे नम्रपणे अर्ज ठेवणारा तो खरा विद्यार्थी-नेता.

आणि कायद्यानेही याला लगाम घातला आहे बरं का. विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने घालून दिलेले नियम सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये लागू करायला सांगितले. उमेदवाराची हजेरी निदान 75 टक्के पाहिजे, त्या वर्षी कोणताही विषय मागे राहिलेला नसावा, खर्च 5000 रुपयांच्या वर नको, गुन्ह्याची नोंद नको. म्हणजे अभ्यास सोडून पुढारी होताच येत नाही!

निवडणूक नको वाटते? राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. तिचं ब्रीद आहे, 'मी नाही, तू'. आपल्या महाराजांच्या शिकवणीहून हे वेगळं आहे काय? वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं एक शिबिर. 120 तासांचा हिशेब करा, दिवसाला वीस मिनिटंही पडत नाहीत. मोबाईल याहून कितीतरी जास्त खातो.

नागपूर विद्यापीठ 1923 चं. 1938 मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूरने त्यांना पोटाशी धरलं. त्यातलेच एक पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. आज त्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं. या दोघांकडे कोणती मोठी डिग्री होती? एकाच्या हातात खंजिरी, दुसऱ्याच्या हातात खराटा. छिंदवाड्याच्या विश्वविद्यालयाला नाव आहे राजा शंकर शाह यांचं; 1857 मध्ये इंग्रजांनी त्यांना मुलासह तोफेच्या तोंडी दिलं. विद्येच्या दारावर समाजाने सेवकांची आणि त्यागी माणसांचीच नावं लिहिली. मग त्याच दारातून आत गेलेल्या आपल्या लेकराला "तू कोणाच्या मधात पडू नको" असं कसं सांगायचं?

सांगायचंच असेल तर असं सांगा : "बेटा, जिथं खर्च कोण करतो ते कळत नाही, जिथं दारू आहे, जिथं जातीवरून हाका मारतात, तिथून माघारी फिर. पण जिथं कोणाचं अडलं आहे, तिथं मागं राहू नको." आणि लेकीलाही हेच सांगा. तिला सरळ रूमवर बोलावून भीती जाणार नाही. ती चार मैत्रिणींना सोबत घेऊन बोलायला शिकली, तर तिच्यासोबत त्या चौघींचीही भीती जाईल.

या आठवड्याची सेवा : बाहेर शिकणाऱ्या लेकराला फोन करा. मार्क विचाराच, पण एक प्रश्न जास्तीचा विचारा, "या महिन्यात तू कोणाच्या उपयोगी पडला?" उत्तर काहीही आलं तरी रागावू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

हा निरोप घरच्या ग्रुपवर पाठवा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचून दाखवा.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏