तारखेसह पोच

रोजगार हमी योजनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती काम मागणाऱ्या मजुराला मिळणारी तारखेसह पोच. योजनेचे जनक वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात पहिला प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात योजना महाराष्ट्रभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला हमी द्यायची, हा विचारच केवढा मोठा! पण मजुराच्या हाती हक्क पडतो तो त्या चिठोऱ्यानेच. तारीख पडली की पंधरा दिवस मोजता येतात, काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागता येतो. तारीखच नसेल तर तहसील कचेरीत नुसत्या विनवण्या. अर्ज ठेवून घेणारेही पोच द्यायला का कां-कूं करतात आणि कार्यकर्ते ती मिळेपर्यंत जागचे का हलत नाहीत, ते यावरून कळतं.

तारखेसह पोच देण्याचं हेच काम संगणकाकडून किती चोख झालं असतं! 2005 च्या केंद्रीय कायद्यानंतर यंत्रणा आली, पण तिची नजर मजुरावरच रोखलेली. 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवर हजेरी सक्तीची झाली: मेटने, म्हणजे कामावरच्या मुकादमाने, दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो चढवायचे. डोंगरात रेंज नसेल तर घाम गाळूनही हजेरीची धास्ती. हजेरीतली चोरी थांबली म्हणावं, तर फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, हे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै 2025 च्या परिपत्रकात नोंदवलं.

नजर उलट दिशेनेही फिरवता येते. राजस्थानात 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाईत, म्हणजे जाहीर सुनावणीत, मजुरांचं हजेरीपत्रक (मस्टर) गावासमोर मोठ्याने वाचलं. कामावर कधी न आलेल्यांची नावं ऐकून लोक उठून बोलू लागले. तिथे लागला होता फक्त एक कागद आणि एक ध्वनिक्षेपक. त्या लढ्यातून माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली.

मला हवी असलेली यंत्रणा त्या जातीची आहे. अर्ज करताच मजुराच्या मोबाइलवर पोच यावी, सोळाव्या दिवशी भत्त्याचा दावा आपोआप नोंदला जावा, मजुरी कोणाच्या टेबलावर अडली ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेलं दिसावं. यात तांत्रिक अडचण काहीच नाही. अशी यंत्रणा आखायच्या बैठकीला मजूर बायांना पहिल्या दिवसापासून बोलवा.