मीटिंगला जायची लाज वाटते?

काय रे, मान वर कर. गर्द सोडायला ३५ दिवस मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात काढून आलास म्हणजे मोठा तीर मारलास असं वाटतं का? ‘सर, मी आता क्लीन आहे, मला मीटिंगची गरज नाही.’ हे कुणी पढवलं तुला? मी तर नाही.

नीट ऐक. टर्की उतरली, म्हणजे हाडं ठणकणं, वांत्या, नाक गळणं, रात्र रात्र तळमळणं थांबलं. ते आठवड्या-दहा दिवसांत कोठडीत डांबलेल्याचंही ओसरतं. तिथून सुटलेले थेट कुठं जातात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जुना दोस्त भेटला, हातात पगार पडला की तलफ उठते, महिन्यांनी उठते, वर्षानंही उठते. आणि तिला तोंड द्यायला तू एकटा निघालास! शाळेच्या कबड्डीतही असाच घुसायचास नि पहिल्याच चढाईत बाद व्हायचास.

म्हणे, फॉलोअपला जाताना गल्लीतलं कुणी पाहील. वा रे वा! नाल्याच्या भिंतीआड पन्नी धरून बसायचास, तेव्हा सगळी वस्ती पाहत होती. आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, तेही पाहिलं. तेव्हा लाज कुठं शेण खायला गेली होती? चार माणसं खुर्च्या गोल मांडून खरं बोलतात, तिथं जायची मात्र लाज.

मुक्तांगण काही आयतं उगवलेलं नाही. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला धावले, आणि १९८६ साली डॉ. सुनंदा अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभं केलं. तिथं बरी झालेली माणसंच पुढे समुपदेशक होऊन नव्यांना सांभाळतात. तुझ्यासारख्याच एकाचा नंबर तुझ्या मोबाईलमध्ये आहे. तो फोन करतो, तू कापतोस. या उद्धटपणाला माझ्या वर्गात बाकावर उभं केलं असतं.

‘एकदाच घेऊन बघतो’ असं मनात असेल तर तेही काढून टाक. महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायचं तेवढंच माप आता श्वास थांबवू शकतं. अशी पोरं संडासात कडी लावून मेलेली सापडतात. घसरलास तर त्याच रात्री सांग. घसरलास म्हणून मी ओरडणार नाही, लपवलंस तर मात्र सोडणार नाही.

आणि तात्या, तुम्ही दाराआड काय उभे? याची उधारी फेडता, कामावर दांडी मारली की मालकाला ‘ताप आहे’ म्हणून कळवता. ही माया नव्हे, ही त्याची सोय. सूनबाईला ‘सहचरी’च्या गटात जाऊ देत नाही, का, तर घरातलं बाहेर जाईल. बाहेर जायचं राहिलंय काय आता? तिथं तिच्यासारख्याच बायका बसतात, तिला मन मोकळं करू द्या.

शनिवारी सहाला मीटिंग आहे. पावणेसहाला घरातून निघ. आणि तो तुझा मित्र, अजून नाल्याकाठीच बसणारा, त्याला १४४४६ हा सरकारी मदत क्रमांक लिहून दे. आधी मात्र तो कापलेला फोन लाव. इथंच, माझ्यासमोर.