एका रात्रीतलं घर

गोव्यातल्या पेडण्याच्या कोजागरीला लोक 'पुनव' म्हणतात. त्या रात्री रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात आणि भूतनाथाचं तरंग मध्येच बिथरून रानाकडे धाव घेतं. कथा अशी सांगतात, की भूतनाथाला देऊळ हवं आहे आणि तेही एका रात्रीत बांधून. माणसं मागे धावतात, तरंगाला आवरतात, 'बांधू देवा, बांधू' अशी समजूत काढतात. देव शांत होतो. पुढच्या पुनवेला पुन्हा तोच हट्ट, पुन्हा तीच समजूत.

अशाच एका पुनवेच्या पहाटे गर्दी पांगली, लोक आपापल्या घरी गेले आणि बसथांब्याच्या बाकावर एक माणूस तेवढा उरला. तो जत्रेला आलेला नव्हता. दोन पावसाळे त्याने त्याच बाकावर काढले होते. गावाने त्याला उपाशी ठेवलं नाही, हे आधी सांगायला हवं. कुणी सकाळची पेज आणून द्यायचं, कुणी चवथीच्या नेवऱ्या. पांघरुणं तर एवढी जमली, की त्याच्या बोचक्यात मावेनात. नाव मात्र कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्याला 'बाकावरचा' म्हणत.

त्या दिवाळीत गावातल्या मुलांनी मनावर घेतलं. व्हाळाकाठची एक बंद खोली त्यांनी एका दिवसात झाडली, भिंतींना चुना काढला, खाट टाकली, दाराला नवी कडी बसवली. संध्याकाळी हार घालून त्याला आत नेलं. तिसऱ्या दिवशी तो परत बाकावर. मुलं दुखावली. 'त्याला घर मानवतच नाही,' असं गावाने ठरवून टाकलं.

थांब्याशेजारी चहाचा गाडा चालवणारी एक बाय होती. तिने विचारलं, "काका, खोलीत काय कमी पडलं?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "पाणी आलं की दार फुगतं, बाय. मग कडी निघत नाही."

हळूहळू बाकीचं कळलं. तो डिचोली तालुक्यातला. 23 जुलै 2021 च्या पुरात सत्तरी-डिचोलीतली कितीतरी मातीची घरं बसली, त्यांतलंच एक त्याचं. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत, घरपट्टी वारलेल्या बापाच्या नावावर. अशा दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकाराला घरातून हुसकावता येऊ नये म्हणून गोव्यात 1975 पासून कायदा आहे. पण हक्क सांगायचा तो उभ्या घराकडे बोट दाखवून. भिंतच विरघळली आणि कागद तिच्याबरोबर वाहून गेले, तर माणसाने बोट कुठे दाखवायचं? भाऊ सासुरवाडीला गेला, हा चालत सुटला. डिचोली ते पेडणं अंतर फार नाही, पण तेवढ्या वाटेत अमक्याचा मुलगा 'बाकावरचा' होऊन गेला.

बोलताना त्याची बोटं सारखी एक गवताची काडी विणत होती. बायने ते पाहिलं. गाड्यावरचं छप्पर गळत होतं, मागे माडाची चुडतं पडली होती. "काका, झाप विणता येतात?"

त्याने चुडत मधोमध चिरलं, दोन दिवस पाण्यात भिजत ठेवलं आणि मग मांडी घालून बसला. एकाआड एक पात घालत असा घट्ट झाप विणला, की बाय बघत राहिली. तिने मजुरी हातावर ठेवली. दुसऱ्या सकाळी त्याने चहा घेतला आणि नोट पुढे केली. 'राहू दे' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले, नोट घेतली आणि सुटे मोजून परत दिले. मला या सगळ्या गोष्टीत हेच काम सर्वांत मोठं वाटतं. दोन वर्षं गावाने त्याला दिलं होतं. त्याच्याकडून घेतलं, ते पहिल्यांदा तिने.

पाऊस सरला की मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यांवर शॅक उभे राहतात आणि त्यांना छपरं लागतात. बायच्या गाड्यावर चहा प्यायला थांबलेल्या एका शॅकवाल्याने झापांची मागणी नोंदवली. हिशेबाला बायने वही काढली आणि पानावर लिहायला म्हणून नाव विचारलं. त्याने वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. ते ऐकून एक निवृत्त मास्तर कागदांच्या मागे लागले. सरपंचांचा दाखला, मग आधार, मग बँकेचं पासबुक. त्यात चार महिने गेले.

रात्री त्याला झोप नव्हती, पाण्याचा आवाज यायचा. मास्तरांनी त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत नेलं, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला नेण्याचं काम त्याच दुखावलेल्या मुलांनी अंगावर घेतलं. काही जण म्हणाले, आता तिथेच ठेवून घेऊ देत. मास्तर चिडले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम त्यांना पाठ होतं: घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवायचं नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या माणसांत पोहोचवतात, त्या कामाला 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते उदाहरण देऊन मास्तर म्हणाले, "आणि याची माणसं तर आपणच."

खोली या वेळी त्याने स्वतः पाहिली. चढावरची, लाकडं ठेवायची पडवी, उंच जोत्याची. भाडं त्याने ठरवलं, कडी काढून ठेवली. आधी तिथे नुसता कोयता आणि दोरी राहिली. मग दुपारची झोप. रात्री तो बाकावरच जायचा, आणि कुणी त्याला हटकलं नाही. जूनच्या पहिल्या धो धो पावसात तो पडवीच्या उंबऱ्यावर रात्रभर जागा बसला. एक मुलगाही सोबत बसून राहिला. ऑगस्टमध्ये कधीतरी बायच्या लक्षात आलं, की बाक कितीतरी दिवस रिकामा आहे.

पुढची पुनव आली. भूतनाथाचं तरंग रानाकडे धावलं, माणसं मागे धावली, 'बांधू देवा, बांधू'चा गजर झाला. तो मास्तरांच्या शेजारी उभा होता. गजर ओसरल्यावर त्याने हळूच विचारलं,

"मास्तर, चुडतांचं चालेल का, असं देवाला कुणी विचारलंय? ते एका रात्रीत होतं."