‘सहकार्य नाही’ हा शेरा कोणी मारला?

आपल्या पाहणीची ही वही उघडा. पानापानावर तांबड्या शाईत एकच शेरा आहे, ‘सहकार्य नाही’. कोणी मारला?

हे एक पान घ्या. गेल्या वर्षी या घरच्या माउलीनं तुम्हाला खाटेवर बसवून चहा पाजला होता. यंदा ती नाठाळ झाली काय? तारीख वाचा. नागोबाच्या जत्रेचा आठवडा! पुष्य अमावस्येला आदिलाबादचा अख्खा उटनूर भाग केस्लापूरच्या वाटेला लागतो. त्याआधी गोंडांच्या मेसराम कुळातली माणसं गोदावरीचं पाणी आणायला कित्येक दिवस पायी चालतात. तुम्ही कुलूप पाहिलंत आणि शेरा मारून मोकळे झालात. शेजारी विचारलंत? पुन्हा गेलात? आधीची फेरी तर ऐन कापूस वेचणीत. मजुरी बुडवून तिनं तासभर तुमच्यापुढे का बसावं?

मुलांच्या मनाच्या दुखण्यावर जे उपचार मिळतात त्यांनी मूल सावरतं का, हे आपल्याला वर्षानुवर्षं पाहायचं आहे. ज्याचं पोर सावरलं तो वाटेत थांबवूनही बोलतो. ज्याच्या पोराला गोळ्यांनी गुण आला नाही, जी आई खेपा घालून थकली, ज्या पोराला गावानं ‘येडं’ म्हणायला सुरुवात केली, ते घर दार लावून घेतं. नेमकं तेच घर वगळून तुम्ही उरलेल्यांची सरासरी काढणार आणि उपचार उत्तम म्हणून लिहिणार. बेरीज बरोबर असली तरी ते खोटं आहे.

जमत नाही हे मला सांगू नका. ‘यंग लाइव्हज’ या अभ्यासातली माणसं २००२ पासून आंध्र-तेलंगणातल्या ३,००० मुलांच्या मागावर आहेत. कामासाठी गाव सोडून गेलेल्यांनाही ते शोधतात. २०२० च्या कोरोनाकाळात त्यांनी घरोघरी फोन लावले, मनाची विचारपूससुद्धा केली. आणि इथलंच बघा. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात मारलावाईत गोंडांमध्ये राहिले, १९७० च्या दशकात पुन्हा याच मुलखात आले. तुम्हाला वर्षभरात गुड्याचं, म्हणजे त्या पाड्याचं, नाव आठवत नाही!

त्या कोलाम बाईला तुम्ही तेलुगू कागदावरून ‘नैराश्य’ विचारलंत. ती गप्प राहिली, तुम्ही ‘नाही’वर खूण केली. मी मराठीत विचारलं, पोरगा जेवतो का, सोबत्यांत खेळतो का? ती म्हणाली, “बैलापाशीच बसून राह्यते बाई, दोन महिने झाले. बोलतच नाही.” एवढं ऐकून तुमचं बोट पुढच्या प्रश्नावर गेलं. माझ्या डोळ्यांदेखत! तुम्ही परत गेलात तर तिनं दार का उघडावं?

नको म्हणणं हा तिचा हक्क आहे. सात वर्षांपुढच्या मुलाचाही होकार घ्यावा लागतो, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) २०१७ चे नियम वाचा. पण ‘नको’ तिच्या तोंडून ऐकायचं, कुलपाकडून नव्हे.

आजपासून प्रत्येक घराचे तीन नातलग आणि त्यांचे फोन लिहून घ्यायचे. वेचणी, दंडारीचे नाच, जत्रा कधी ते आधी विचारायचं. गेल्या वर्षी जो गेला तोच यंदा जाईल, आणि गेल्या वर्षी काय कळलं ते आधी सांगेल.

उद्या सकाळची पहिली गाडी धरा. आधी त्या बैलापाशी बसणाऱ्या पोराच्या घरी जा. प्रश्नांचा कागद नेऊ नका. डॉक्टर कोणत्या वारी भेटतात ते आज पक्कं विचारून ठेवा, आणि मायलेकांचं गाडीभाडं सोबत घ्या. तांबडं पेन माझ्याकडे द्या.